चूक दुसऱ्या हाताची

जगलिंग करताना चेंडू उजव्या हाताजवळून निसटला की माणूस आधी उजव्या हाताकडे बघतो. रागानेच बघतो. खरं तर त्या बिचाऱ्याने काही केलेलं नसतं. तीन चेंडूंच्या साध्या कॅस्केडमध्ये, म्हणजे चेंडू पाळीपाळीने या हातातून त्या हातात फेकत राहण्याच्या पहिल्या प्रकारात, उजव्या हातात येणारा प्रत्येक चेंडू डाव्या हाताने फेकलेला असतो, आणि तो कुठे उतरणार हे डाव्या तळव्यातून सुटतानाच ठरून गेलेलं असतं. एकदा हवेत गेला की त्याला कोणी वळवत नाही. म्हणजे पडतो इथे, चूक तिथली, आणि तीही अर्ध्या सेकंदापूर्वीची. जगलिंगचे नवे प्रकार शिकताना ही एक गोष्ट ज्याच्या अंगात मुरली त्याचे महिने वाचतात. बाकीचे ‘माझे झेल कच्चे आहेत’ म्हणत वर्षभर झेलच घोटत बसतात.

पुढचं सगळं ज्यांना कॅस्केड येतो त्यांच्यासाठी आहे. येतो म्हणजे न पडता पन्नासेक झेल होतात, आणि आता पुढे काय, असा प्रश्न पडायला लागलाय.

एक पडणं जरा जवळून बघू. फोन कठड्यावर टेकवायचा, स्लो मोशन सेकंदाला १२० फ्रेमवर लावायचं आणि समोर पाच-सहा फुटांवर उभं राहायचं. हातापासून ४० सेंटिमीटर वर गेलेला चेंडू हवेत साधारण ०.५७ सेकंद असतो, म्हणजे ६८ फ्रेम. चेंडू उजव्या हाताच्या बाहेरून निसटला त्या फ्रेमवर थांबा आणि तिथून ६८ फ्रेम मागे या. तिथे डावा हात सापडेल, चेंडू सोडण्याच्या बेतात असलेला. नीट पाहिलं तर त्याच क्षणी वरून दुसरा एक चेंडू डाव्या हाताकडे उतरत असतो, नेहमीपेक्षा चार बोटं आत. टक्कर होईल या धास्तीने डाव्या हाताने आपला चेंडू घाईने बाजूला भिरकावला, म्हणून तो उजवीकडे लांब गेला. आता तो उतरणारा चेंडू आत का आला होता? कारण त्याच्या आधी उजव्या हाताने तो आखूड फेकला होता. खटला असा मागे मागे सरकत जातो, आणि मूळ आरोपी बहुतेक वेळा तीन-चार फेकी आधीचा निघतो. पडलेल्या चेंडूने फक्त तक्रार नोंदवलेली असते.

म्हणून चेंडू कुठे पडला हे बघायची सवय लावून घ्यावी. उचलायच्या घाईत हीच माहिती वाया जाते. उजव्या हाताच्या पलीकडे पडला तर डाव्याची फेक लांब. दोन चेंडू हवेत एकमेकांवर आपटले तर बहुधा दुसरा लवकर सुटलाय. आधीचा शिखरावर पोचण्याआधीच हात घाबरला. हात नुसते वर-खाली होत असतील तरीही हीच टक्कर होते. प्रत्येक हाताने बाहेरच्या बाजूला झेलून, आत ओढून, आतून फेकायचं असतं. तळव्याची ही छोटी वाटी फिरली नाही की जाणारा आणि येणारा चेंडू एकाच रस्त्यावर येतात. चेंडू खांद्यावर किंवा पाठीमागे पडायला लागले तर उंची बघण्यासाठी मान मागे गेलीय आणि मानेबरोबर धडही. आणि पुढे पडायला लागले, पाय आपोआप चालायला लागले, माणूस कॅस्केड करत करत स्वयंपाकघरात पोचला, तर फेक उशिरा सुटतेय: हात वर जाऊन पुढे झुकायला लागल्यावर बोटं उघडताहेत. या शेवटच्या रोगावर भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहण्याचा उपाय सगळे सांगतात. त्याने चेंडू पुढे जात नाहीत हे खरं, पण भिंतीच्या भीतीने माणूस मागे झुकायला लागतो. त्यापेक्षा दिवाणाला गुडघे टेकवून उभं राहावं. पुढे पडेल तो गादीवर पडेल, वाकावं लागणार नाही, आणि गादीवर पडलेले चेंडू मोजले की रोग किती उतरला तेही कळेल. दर दहा सेकंदांना एक पडला तर दहा मिनिटांत साठदा वाकणं होतं. नवीन प्रकार अर्धवट सुटण्याचं कारण पुष्कळदा कंबर असते, हात नव्हे.

चेंडूंविषयी थोडं आधीच सांगायला हवं होतं. दुकानातला टेनिसचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. आकार बरोबर, वजन निम्मं, आणि पडला की थेट दिवाणाखाली. क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. तो पायाच्या अंगठ्यावर पडला की छंद तिथेच संपतो. हवा असतो तो ११० ते १३० ग्रॅमचा, साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासचा, पडला की जागीच बसणारा चेंडू. घरी करायचा तर टेनिसच्या चेंडूला कटरने ३ सेंटिमीटरची चीर द्या, दोन्ही टोकं दाबून तोंड उघडा, कागदाचं नरसाळं लावून पाऊण चेंडू भरेल एवढी ज्वारी आत सोडा. काठोकाठ भरायचा मोह टाळा. दाण्यांना आत सरकायला जागा हवी, पडल्यावर उसळी खाऊन टाकतात ते हे सरकणारे दाणे. चीर सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवून रात्रभर ठेवा. तिन्हींच्या वजनात पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर हलका चेंडू प्रत्येक फेरीत उंच जातो आणि दोष हाताला लागतो. ज्वारी आधी उन्हात कडकडीत वाळवून घ्यावी, नाहीतर पावसाळ्यात आत सोंडे होतात. नागपूरच्या मे महिन्याचा एवढा एक उपयोग निर्विवाद आहे. वाळू भरू नका. ती जड होते, चिरेतून झिरपते आणि डोळ्यात जाते.

आणि संत्री? नागपुरात हा प्रश्न येणारच. मध्यम संत्र्याचं वजन अगदी हवं तेवढं भरतं, हातातही छान बसतं. पण आपल्या संत्र्याची साल सैल. ज्या गुणामुळे ते सोलायला सोपं, त्याच गुणामुळे ते झेलताना सालीच्या आत किंचित सरकतं आणि बोटांना खोटा निरोप जातो. दोनदा पडलं की आतल्या फोडी फुटतात, मनगटावरून रस ओघळतो आणि पुढची प्रत्येक फेक निसरडी. घट्ट फळं असतील तर पाहुण्यांसमोर एक मिनिट ठीक आहे. सराव त्यावर करू नये.

आता पंखा. आपल्याकडच्या साध्या घरात छताच्या पंख्याची पाती जमिनीपासून आठ फुटांच्या जवळपास फिरतात, म्हणजे २.४ मीटर. कोपर काटकोनात ठेवून उभं राहिलं की तळवा जमिनीपासून साधारण १ मीटरवर. उरली १.४ मीटर हवा. एवढ्यात काय बसतं आणि काय नाही, हे हिशेबाने आधीच सांगता येतं, आणि हा हिशेब एकदा समजून घेतला की नव्या प्रकारांची अर्धी धास्ती जाते.

माहितीशास्त्राचा पाया घालणारे क्लॉड शॅनन यांना जगलिंगचा नाद होता. चेंडू उडवणारं यंत्रही त्यांनी घरी बनवलं होतं. त्यांचं जगलिंगचं समीकरण शब्दांत असं: चेंडूचा हवेतला वेळ अधिक हातातला वेळ, गुणिले हात; हे बरोबर हाताचा रिकामा वेळ अधिक भरलेला वेळ, गुणिले चेंडू. तीन चेंडू, दोन हात घ्या. हात अर्धा वेळ भरलेला आणि अर्धा रिकामा धरला, तर एक ठोका (म्हणजे एका फेकीपासून पुढच्या फेकीपर्यंतचा वेळ) भरलेला, एक रिकामा, आणि चेंडू हवेत दोन ठोके. (२+१) गुणिले २ म्हणजे ६, (१+१) गुणिले ३ म्हणजेही ६. जमलं. चेंडू हातात रेंगाळू दिला की रिकामा वेळ घटतो आणि त्याच उंचीत सगळं घाईचं होतं. ‘मला वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्याने उंची वाढवण्याआधी आपण चेंडू किती वेळ पकडून बसतो ते पाहावं.

नव्या प्रकारांना हल्ली आकड्यांची नावं असतात: ४४१, ५३१, ४२३. या लिहिण्याच्या पद्धतीला साइटस्वॅप म्हणतात. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात आणि केंब्रिजमध्ये वेगवेगळ्या लोकांनी ती एकमेकांना न विचारता शोधली. आकडा म्हणजे तो चेंडू पुन्हा फेकला जाईपर्यंत किती ठोके जातील. ३ म्हणजे नेहमीची कॅस्केडची फेक. विषम आकडा दुसऱ्या हातात जातो, सम आकडा त्याच हातात परत येतो. १ म्हणजे हातातून हातात सरळ ढकलणं, २ म्हणजे नुसतं धरून ठेवणं, ० म्हणजे रिकामा हात. आकड्यांची सरासरी काढली की चेंडूंची संख्या मिळते: ४+४+१ म्हणजे ९, भागिले ३, तीन चेंडू. उलटं मात्र खरं नाही. ५४३ ची सरासरी ४ येते, पण पाचचा चेंडू पाचव्या ठोक्याला उतरतो, त्यानंतर फेकलेला चारचाही पाचव्याला आणि त्यानंतरचा तीनचाही पाचव्यालाच. एका हातात तीन चेंडू एकदम. तेच आकडे फिरवून ५३४ केले की छान चालतं.

उंची आकड्याच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरच्यासारखा एक ठोका हातात जातो असं धरलं तर ३ हवेत दोन ठोके, ४ तीन ठोके, ५ चार ठोके. वर्ग ४, ९, १६. म्हणून ३ ची उंची ४० सेंटिमीटर असेल तर ४ ची ९० आणि ५ ची १६०. आता वर पंख्याकडे बघा. ९० बसते, १६० बसत नाही. ३ ची फेक ३० वर आणली तर ५ ची उंची १२० होते आणि पंख्याखाली वीसेक सेंटिमीटर उरतात, पण हात मिनिटाला सुमारे २४० फेकींनी चालवावे लागतात. ४० वर तेच २१० होते. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून सराव करणं ही शिक्षा आहे, चालू ठेवून ५३१ करणं हा वेडेपणा. म्हणून उन्हाळ्यात घरात ४४१, आणि ५३१ पहाटे गच्चीवर. कूलरचा झोत मात्र १२० ग्रॅमच्या चेंडूला काही करत नाही. रेशमी रुमाल उडवणाऱ्यांनी कूलरपासून लांब राहावं.

४४१ असं करायचं. उजव्या हातात दोन, डाव्यात एक. उजवा सरळ वर फेकतो, डावा सरळ वर फेकतो, आणि लगेच उजवा आपला उरलेला चेंडू डाव्या हातात आडवा ढकलतो. पुढच्या खेपेला डावा सुरू करतो: डावा वर, उजवा वर, डाव्याकडून उजव्याला आडवा. बस. बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, ४ ची फेक कॅस्केडच्या सवयीने आत वळते आणि दोन्ही चेंडू मध्ये भिडतात. ४ खांद्याच्या रेषेत, शक्य तर किंचित बाहेर जायला हवा. दुसरं, १ ची फेक कमान घेते. हात त्याला छोटा ३ समजतो. १ ला कमान नसते. एका तळव्यातून दुसऱ्यात थप्पकन आवाज यायला हवा. शिवाय घाईत दोन्ही ४ एकाच वेळी सुटतात. मग तो वेगळाच प्रकार होतो आणि १ ला जागाच राहत नाही.

त्या घाईवर लय हा उपाय आहे, आणि लय आपल्याकडे घरातच असते. ४४१ तीन ठोक्यांत पुरा होतो, पण दोन्ही हातांची पाळी मिळून आवर्तन सहा ठोक्यांचं. म्हणजे तबल्यातला दादरा ताल. धा धी ना, धा ती ना. धा वर पहिली फेक, धी वर दुसरी, ना वर आडवा चेंडू. दुसऱ्या अर्ध्यात हात बदलतात, आणि दादऱ्याची ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवायची मात्रा, तीही तिथेच, चौथ्या मात्रेवर येते. तोंडाने बोल म्हणत केलं की दोन ४ एकत्र सुटणं जवळजवळ बंद होतं, कारण धा आणि धी एकदम म्हणता येत नाहीत. आकडे मोजायचे तर तेही चालतील: एक, तीन, चार, पाच एका झटक्यात म्हणता येतात. सहा, नऊ, दहा यांना मात्र दोन झटके लागतात. त्यामुळे ९७५३१ हा पाच चेंडूंचा प्रकार मराठीत मोजणारा पहिल्याच आकड्याला अडखळतो.

५३१ मध्ये उजवा उंच आणि पलीकडे फेकतो, डावा नेहमीची ३ त्याच्या खालून, मग उजव्याकडून डाव्याला १. लगेच डावा ५ फेकतो. इथली चूक एकच आणि सगळ्यांची तीच: ५ पुरेसा उंच जात नाही. मनाला वाटतं दुप्पट उंची खूप झाली. हिशेब चौपट सांगतो. अपुरा ५ खालून जाणाऱ्या ३ ला धडकतो आणि दोष मिळतो ३ ला.

दोन्ही प्रकारांचा सराव एकाच पद्धतीने करावा. सलग करायचा प्रयत्न आधी नकोच. कॅस्केड चालू ठेवा, मध्येच एकदा ४४१ घाला, लगेच कॅस्केडमध्ये परत या: ३३३४४१३३३. हे दोन्ही प्रकार कॅस्केडमधून कुठेही घुसतात आणि कुठेही बाहेर पडतात. दहापैकी सात वेळा जमलं की डाव्या हाताने सुरुवात. डाव्याने दहापैकी पाच झाले की लागोपाठ दोनदा. मग तीनदा. सलग फिरवत ठेवणं शेवटी. उजवीकडून सुरू होणारं पक्कं करून डावं ‘नंतर’ करू म्हणणाऱ्याचा डावा नंतर कधीच होत नाही. प्रत्येक प्रयत्न तिन्ही चेंडू हातात घेऊन थांबवायचा, हेही सरावाचाच भाग आहे. थांबता न येणाऱ्याला आपण किती फेकी ताब्यात ठेवल्या ते कळत नाही.

बॉक्स हा चौकोनी प्रकार पटकन सांगून पुढे जातो. एका बाजूला चेंडू उभा वर, त्याच क्षणी दुसऱ्या हाताचा चेंडू आडवा या हातात. मग बाजू बदल. वर जाणारे दोन चेंडू आपापल्या खांबात राहतात, तिसरा खाली येरझारा घालतो. दोन्ही हात एकाच ठोक्याला काम करतात, त्यामुळे कॅस्केडची पाळीपाळीची सवय आड येते. दोन आठवडे चिडचिड, मग एक दिवस अचानक.

जिथे खरं रेंगाळावं असा प्रकार म्हणजे मिल्स मेस. स्टीव्ह मिल्स या अमेरिकन जगलरच्या नावावरून पडलेलं नाव. बघणाऱ्याला वाटतं, हात गुंतले, आता सुटत नाहीत. चेंडू एकामागून एक उजवीकडे धावतात आणि सगळे मिळून डावीकडे वळतात. आकड्यांत लिहिलं तर नुसतं ३, ३, ३. हा कॅस्केडच आहे. बदलते ती फक्त फेकण्याची आणि झेलण्याची जागा. ही कल्पना जुनी असावी: इजिप्तमधल्या बेनी हसन इथल्या १५ क्रमांकाच्या, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या थडग्यात भिंतीवर चेंडू उडवणाऱ्या बायका रंगवलेल्या आहेत, आणि त्यांतही हात छातीवर आडवे घेऊन खेळणं दाखवलंय.

आधी रिकामे हात. उजवा डाव्यावर आडवा घ्या, सोडवा, डावा उजव्यावर घ्या, सोडवा. प्रत्येक हात आडवा आठ काढतोय असं दिसायला हवं. नुसती मनगटं एकमेकांवर आणून भागत नाही. आडवे होताना हात कोपराच्या जवळ एकमेकांवर यायला हवेत, नाहीतर चेंडू जायला जागाच राहत नाही. हे दोन दिवस, चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभं राहून करायचं काम आहे.

मग एक चेंडू. उजवा वर आडवा, चेंडू उजव्यात, म्हणजे हात डाव्या बाजूला. तिथून चेंडू उजवीकडे जाईल अशी कमान द्या. तो हवेत असताना हात सोडवा, डावा वर घेऊन पुन्हा आडवे करा, आणि उजव्या बाजूला आलेल्या डाव्या हाताने तो झेला. आता सगळं आरशातल्यासारखं: डाव्यातून डावीकडे कमान, सोडवा, उजवा वर, झेल उजव्यात.

दोन चेंडू, प्रत्येक हातात एक, उजवा वर. उजवा फेकतो, हात सुटतात, सुटता सुटता डावा फेकतो, डावा वरून आडवा जातो. पहिला चेंडू डाव्यात, दुसरा उजव्यात. इथे हात आडवे असताना दोन्ही चेंडू हातात आहेत की नाही ते पाहून थांबायचं. हात मोकळे असताना झेल होत असतील तर आडवे होणं उशिरा सुरू होतंय.

तीनमध्ये वर असलेल्या हातात दोन. तो वरून फेकतो. हात सुटताना दुसरा फेकतो. मग पहिलाच हात, आता खालून निघालेला, तिसरा सोडतो. आडवे झाले. पुन्हा तेच, दुसऱ्या हाताच्या पुढाकाराने. तीन आणि तीन, सहा. पुन्हा दादराच. वरून, सुटताना, खालून. वरून, सुटताना, खालून. हे शब्द मोठ्याने म्हटले तरी चालतील, घरचे सवय करून घेतात.

मिल्स मेस बिघडतो तो चेंडूंची वाट पाहिल्यामुळे. कॅस्केडमध्ये हात आपल्या जागी असतात आणि चेंडू त्यांच्याकडे येतात. इथे हातांनी आधी निघायचं असतं. चेंडू त्यांच्या मागे येतात. भीतीने हात मध्येच थबकतात, फेकी सरळ उभ्या जातात, तिन्ही चेंडू छातीसमोर गर्दी करतात, आणि मग जे होतं त्याला वैदर्भी पोट्टे ‘खिचडी झाली बे’ म्हणतात. उपाय उलटा वाटेल, पण फेकी जास्त आडव्या करा, रुंद करा, डोळ्यांच्या उंचीवर जाऊ देऊ नका. आणि पुन्हा तेच: वरून फेकणाऱ्या उजव्याची कमान आखूड पडली तर झेलायला गेलेला डावा हात उजव्या बाजूला जाऊन मोकळाच परततो. डाव्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

गोलाकार उडवण्याविषयी एक आगाऊपणा. जगलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर गोल येतो: उजव्याने उंच, डाव्याने परत उजव्याकडे सरकवायचं. त्याला शॉवर म्हणतात. टोंगा बेटांवरच्या मुली परंपरेने खेळतात तो ‘हिको’ याच जातीचा, फळं नाहीतर लिंबं घेऊन. सागरगोट्यांत मुठीच्या वर चाललेलं फेकणं-उचलणं पाहिलं की नातं लगेच ओळखू येतं. दिसायला सोपा, पण तो ५१ आहे: एका हाताच्या वाट्याला सगळी ५, दुसऱ्याच्या वाट्याला नुसती १. उंची कॅस्केडच्या चौपट आणि डावा हात आयुष्यभर हमाल. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये.

सरावाला रोज पंचवीस मिनिटं पुष्कळ. पाच मिनिटं येणारं, पंधरा मिनिटं एकच नवीन, पाच मिनिटं पुन्हा येणारं. एक प्रकार सलग पंधरा मिनिटांच्या पुढे रेटला की हात चूकच पाठ करायला लागतात. मात्र खंड फार नको. २००४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात तीन महिने तीन चेंडू शिकलेल्यांच्या मेंदूत, हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात, करड्या द्रव्याची वाढ दिसली होती; पुढचे तीन महिने सराव बंद ठेवल्यावर ती ओसरली. याचा आधार घेऊन ‘जगलिंगने बुद्धी वाढते’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावं. तेवढं त्यात नाही.

मोकळ्या जागेत, ट्रॅफिक पार्कमध्ये किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला कोणी तीन चेंडू काढले की पाच मिनिटांत पोरं जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘काका, चार येते का?’ मिल्स मेसकडे कोणी बघत नाही, सगळे चेंडू मोजतात. चार हे तसं कॅस्केडचं पुढचं पाऊलही नव्हे. सम आकडा, म्हणून चेंडू ओलांडून जातच नाहीत. प्रत्येक हात आपले दोन वेगळे, आतून बाहेर फिरवतो. चार यायला हवे असतील तर एका हातात दोन, तेही डाव्या हातात, तीस झेल न पडता झाले पाहिजेत. उजव्याचे पन्नास आणि डाव्याचे आठ असतील तर चार चेंडू आठच्या हिशेबाने पडतील.

पाच मात्र कॅस्केडचाच मोठा भाऊ. त्याची वाट तीन चेंडूंतूनच जाते: ५५५००, म्हणजे तिन्ही एकापाठोपाठ ५ च्या उंचीला, आणि रिकाम्या दोन ठोक्यांत एक टाळी. टाळी वाजवायला वेळ पुरतो का आणि तिन्ही चेंडू एकाच उंचीवर वळतात का, एवढंच बघायचं. मग चार चेंडूंनी ५५५५०, एक भोक ठेवून. ते भोक दर फेरीत कुठे जातं हे डोळ्यांना दिसायला लागलं की पाचवा चेंडू त्यात टाकायचा. तीन असलेल्या हाताने सुरुवात. पाचही एकेकदा झेलले तो फ्लॅश. दहा झेल झाले तर तो मोजण्यालायक प्रयत्न. फ्लॅश ते दहा या प्रवासाला महिने लागतात.

हे पंख्याखाली होत नाही. गच्चीच्या मधोमध उभं राहायचं, कठड्यापासून दहा फूट आत, नाहीतर चेंडू शेजारच्या टाकीत. मेच्या अखेरीस नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तोंड पश्चिमेला, पाण्याच्या टाकीकडे. पाठीवर उजेड, चेंडू उजळलेले, डोळ्यात ऊन नाही. पांढरे आणि पिवळे चेंडू फिकट आभाळात विरघळतात, लाल किंवा गडद निळे घ्यावेत. संध्याकाळचा सराव नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, विसरावा: फरशी आठ वाजताही अनवाणी उभं राहू देत नाही, आणि वावटळ आली तर धुळीत शिखर दिसत नाही. तळव्याला घाम आला की दुपट्ट्याला पुसायचा. टाल्कम पावडर लावली की झेल बरा वाटतो पण फेक लवकर सुटते. सातपर्यंत आटोपावं. चेंडू त्याच दुपट्ट्यात बांधून बरोबर खाली न्यायचे, कारण दिवसभर तिथे राहिले तर सोल्यूशन पाघळतं, चीर उकलते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीभर ज्वारी वेचणारी कबुतरं असतात.